कोंबडी उभीच राहत नाही, काय करावं?
कोंबडी दोन दिवस बसूनच असेल, तर आधी तिला वेगळी काढा. बाकीच्या टोचून जीव नकोसा करतात. टोपलीत जाड पेंढा घाला, पाणी आणि भिजवलेला भरडा चोचीपाशी ठेवा. घशात पाणी ओतू नका (आपल्याकडे हीच घाई होते), श्वासनलिकेत जातं. नुसती चोच बुडवा.

तळपायावर काळी खपली, सूज असेल तर गळू. अंडी देणारी कोंबडी कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला असेल तर बहुधा मॅरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग), त्यावर औषध नाही. मान पिळवटून हिरवी हगवण लागली तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.