‘दिशादर्शक’ नव्हे, ‘एकदिश’. आणि ‘आटणी’विषयी थोडे अधिक

दारव्हा तालुक्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, ‘दिशादर्शक घनीकरण केलेले मॉलिब्डेनमचे संमिश्र’ ही शब्दयोजना त्याच्या प्रकल्प-अहवालात चालेल का. चालणार नाही. दिशादर्शक म्हणजे दिशा दाखवणारे. होकायंत्र दिशादर्शक असते, फाट्यावरची पाटी दिशादर्शक असते. येथे घनीकरण, म्हणजे वितळलेल्या धातूचे घट्ट होणे, कोणाला दिशा दाखवत नाही, ते स्वतःच एका दिशेने पुढे सरकते, म्हणून ‘एकदिश घनीकरण’ म्हणावे. हा चुकीचा शब्द मी भाषणांत आणि अहवालांत इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो नियमच ठरू पाहतो, याचा मला मनापासून त्रास होतो. ‘संमिश्र’ हा शब्द तंतू आणि राळ यांसारखे वेगळे पदार्थ एकत्र बांधलेल्या वस्तूसाठी राखावा. येथे ‘मिश्रधातू’ पुरे.

मात्र या प्रश्नात खरा रस आहे तो घनीकरणाच्या आधीच्या पायरीत. मॉलिब्डेनम हा धातू २६२३ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यात सिलिकॉन आणि बोरॉन मिसळलेला रसही इतका तप्त आणि इतका क्रियाशील असतो की तो ज्या मुशीत ठेवावा तिच्याशीच अभिक्रिया करून अशुद्ध होऊ शकतो. म्हणून मूस टाळतात. मिश्रधातूची कांडी उभी धरून तिचा केवळ एक अरुंद पट्टा वितळवतात आणि तो पट्टा कांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवत नेतात. मागे राहिलेला रस त्याच क्रमाने घट्ट होत जातो. या क्रियेला पुस्तकांत ‘विभाग-वितलन’ असे काहीतरी लिहिलेले आढळते. मी ‘पट्टा-आटणी’ म्हणेन, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

आपल्याकडे विहीर आटते, दूध आटते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कापूस विकून झाल्यावर सराफाकडे जुनी एकदाणी नेऊन ती ‘आटवून’ नवी पोत करणाऱ्या घरात या क्रियापदाचा तिसरा अर्थ, धातू वितळवणे, अजून जिवंत आहे. काही जाणकार म्हणतात की पाणी कमी होणे हा मूळ अर्थ, आणि धातूचा अर्थ त्यावरून लाक्षणिकपणे आला. मला हे मुळीच मान्य नाही. सोने आटवताना काहीही कमी करायचे नसते. उलट रतीभरही घट झाली तर सराफाला जाब विचारला जातो. मग लक्षणा कशाची? माझ्या मते ‘आटणे’ हे संस्कृत ‘आवर्तन’ या शब्दाकडून आले आहे, आणि हिंदीतले दूध ‘औटना’ त्याचेच भावंड आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १३, १२, ११ आणि १० कसाचे (कस म्हणजे शुद्धतेचे माप) अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माष (एक जुने वजन) सोने एकत्र वितळवले तर कस किती, असे एक उदाहरण आहे. उत्तर १२ येते, आणि वितळवलेल्या सोन्यासाठी तेथे शब्द आहे ‘आवर्तित’. बाराव्या शतकातील हा प्रयोग आहे, आणि तोही नेमका मिश्रधातूच्या संदर्भातला. ‘आवर्तन’ ज्यापासून बनले तो ‘वृत्’ म्हणजे फिरणे. मुशीत रस फिरतो, कढईत दूध फिरते. दोन्ही अर्थ एकाच मुळातून सरळ निघतात, एकाला दुसऱ्याच्या दारी उभे करण्याची गरज राहत नाही. जे कोशकार बोलीतला अर्थ नेहमी उशिराचा मानतात, त्यांनी एकदा सराफा बाजारात जाऊन ऐकावे.

अहवालातील आणखी एक शब्द बदलावा, तो म्हणजे ‘कण’. कण सुटा असतो. धातूतील स्फटिक एकमेकांना सीमेवर चिकटलेले असतात, म्हणून त्यांना ‘दाणे’ म्हणणे अधिक योग्य. एकदिश घनीकरणात उष्णता कांडीच्या लांबीच्या दिशेने वाहते, म्हणून दाणेही त्याच दिशेने लांबट वाढतात, बांबूतील तंतूंसारखे. ताण लांबीच्याच दिशेने असेल तर त्याला आडव्या येणाऱ्या सीमा फारच थोड्या उरतात. उच्च तापमानाला पोकळ्या आणि भेगा प्रथम अशाच आडव्या सीमांवर धरतात, त्यामुळे स्थिर ताणाखाली धातू हळूहळू लांबत जाण्याची क्रिया, म्हणजे विसर्पण, मंदावते. या मिश्रधातूत मॉलिब्डेनमचे घन द्रावण, म्हणजे इतर मूलद्रव्ये थोडी विरघळलेला घन मॉलिब्डेनम, चिवटपणा देते, आणि मॉलिब्डेनमचे दोन सिलिसाइड, म्हणजे सिलिकॉनशी झालेली संयुगे, ज्यांपैकी एकात बोरॉनही असतो, विसर्पणाला विरोध करतात. जेट इंजिनांतील निकेलच्या अतिमिश्रधातूंची (उच्च तापमानाला टिकणाऱ्या मिश्रधातूंची) पाती साधारण ११०० अंशांच्या पुढे थकू लागतात, म्हणून हा सारा खटाटोप. अडचण ऑक्सिडीकरणाची आहे: सुमारे ७०० अंशांपासून मॉलिब्डेनमचा ट्रायऑक्साइड वाफ होऊन उडू लागतो, आणि सिलिकॉन-बोरॉनपासून पृष्ठभागावर तयार होणारी काच मात्र त्याहून जास्त तापमानालाच नीट पसरून संरक्षण देते. या ‘उडण्या’ला विद्यार्थ्याने ‘वितळणे’ लिहिले आहे. तेथे ‘बाष्पीभवन’ लिहावे.