गाडीत बसवलं की पोरगं कमान टाकतं

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि बोलता बोलता ती सारखी त्याकडे बघत होती. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सासर, मुलगा 17 महिन्यांचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रोज संध्याकाळी बाबागाडी घेऊन रंकाळ्यावर फेरी. पोरगं तान्हं होतं तोवर सगळं झकास. ते गाडीत झोपायचं, ही ताडताड चालायची. गेला महिनाभर मात्र बेल्ट लावला रे लावला की पाठीची कमान करून किंचाळतं. एकदा कट्ट्यावरच्या एका आजींनी सुनावलं, "कशाला गं बांधून घातलंयस लेकराला?" घरी सासूबाईंचं वेगळंच, "बसवून बसवून पायातलं बळ जाणार बघ पोराचं."

"मॅडम, फिरायला न्यायचंच बंद करू, की रडतंय तर रडू दे?"

दोन्ही नको, म्हटलं. गाडीनं पायातलं बळ जात नाही. तिचा मुलगा वर्षाचा व्हायच्या आतच चालायला लागला होता. 18 महिने झाले तरी मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर गाडीला दोष देत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. पण सासूबाईंचं सगळंच काही चूक नव्हतं. पाच वर्षांखालच्या मुलाला गाडीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. आणि या वयात दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी. तिला हिशेब करायला लावला. घरातून निघणं, फेरी, मैत्रीण भेटली की गप्पा, भेळ. दीड तास! चांगलं चालता येणारं पोरगं दीड तास बांधलेलं. मीही किंचाळले असते.

"आणि त्या दीड तासात तुला काय मिळतं?" मी विचारलं.

ती घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग डोळे भरून आले. "तेवढंच घराबाहेर पडते, मॅडम."

खरी गाठ इथं होती. तिला चालायचं होतं, त्याला बघायचं होतं, आणि दोघांची कामं एकाच फेरीत उरकायला निघालेली. आम्ही फेऱ्याच वेगळ्या केल्या. सकाळी नवरा कामावर जायच्या आधी अर्धा तास ती एकटी चालणार, मूल त्याच्याजवळ. (नवऱ्यानं चार दिवस कुरकुर केली. ते अपेक्षितच होतं.) संध्याकाळ पोराची. रहदारीच्या रस्त्यावर गाडीत, तेव्हा बेल्ट पक्का. रडला म्हणून ढिला करायचा नाही, कडेला थांबून उतरवायचा. मोकळ्या जागी बोट धरून चालवायचा. आणि ऊन-धूळ नको म्हणून गाडीवर ओढणी टाकायची नाही, आत हवा कोंडून भट्टी होते.

दोन आठवड्यांनी आली ती तक्रार घेऊनच. "रंकाळ्यापर्यंत पोचतच नाही ओ आम्ही!" गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी दिसल्या की साहेब उकिडवे बसतात. धार चरवीत पडताना आवाज येतो ना, तो संपेपर्यंत हलत नाहीत. वीस-वीस मिनिटं. नंतर स्वतःही "चुर्र चुर्र" करत चालतात. मी म्हटलं, बसू दे. धारोष्ण दूध मात्र त्याला पाजू नकोस, उकळलेलंच दे.

घड्याळ त्या दिवशीही होतं, पण पावलांचा आकडा काही तिनं सांगितला नाही. एरवी रडू येतं का, झोप लागते का, तेही विचारून घेतलं. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं तर फिरण्यावर भागत नाही, डॉक्टर गाठावे लागतात. तिच्याबाबतीत ती वेळ नव्हती.

निघताना म्हणाली, "आता परतताना गाडी तोच ढकलतो. आत्याबाई (म्हणजे सासूबाई) पण येतात कधीकधी. कपिलतीर्थातली भाजी त्याच गाडीत टाकतात आणि वर मलाच सांगतात, बेल्ट लाव गं, कोथिंबीर पडंल."