मुलीला अकरावीला कॉम्प्युटर सायन्स द्यावं का?

ताई, लेकीला अकरावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स हवंय आणि घरची मंडळी म्हणतात, 'कॉम्प्युटर पोरांना, पोरीला बायोलॉजीच बरी.' मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला हाच विषय बावीस वर्षं शिकवला. घेऊ द्या तिला.

आधी हिशेब. बायफोकल म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा एकच विषय, २०० मार्कांचा. त्यात दुसरी भाषा जाते आणि बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात. म्हणजे मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा सरळ रस्ता बंद. डॉक्टर व्हायचं तिच्या स्वतःच्या मनात असेल, तर भाषेऐवजी १०० मार्कांचं आयटी बघा, बायोलॉजी राहील. तिच्या मनात नसेल, तर दुसऱ्यांच्या हौसेखातर बायोलॉजी लादू नका.

'पोरांचा विषय' हे मला पटत नाही. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटरच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या, पुढं हे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत खाली आलं. त्याच काळात घरगुती कॉम्प्युटर जाहिरातींतून मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला. मलेशियात उलट, बसून करायचं, ऑफिसातलं काम म्हणून मुली हा विषय मोठ्या संख्येनं घेतात. आपल्याकडंही मेकॅनिकलला नको म्हणणारे वडील कॉम्प्युटरला पटकन हो म्हणतात. मुलींची बुद्धी इथून तिथून तीच, घरच्यांचा समज तेवढा बदलतो.

आमच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघं बसायची. मुलगा कीबोर्डवर, मुलगी शेजारी जर्नल लिहायला, कारण तिचं अक्षर चांगलं! पलूसकडच्या एका मुलीनं बबल सॉर्टचा, म्हणजे आकडे क्रमानं लावायचा प्रोग्रॅम कागदावर एकही चूक न करता लिहिला. टाईप करायला बसवली तर सेमीकोलनची की सापडेना. घरी कॉम्प्युटर होता, पण तो 'दादाचा'. त्या दिवसापासून मी नियमच केला, दर वीस मिनिटांनी जागा बदलायची. दिवाळीपर्यंत शेजारच्या मुलाच्या एरर तीच काढून देत होती. हे मला आधीच का सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

दुसरी अडचण एसटीची. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मुलींना पास फुकट आहे, पण प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की गावची गाडी निघून गेलेली असते. मग घरचे म्हणतात, 'अंधारात येऊ नको, आज राहू दे.' चार प्रॅक्टिकल बुडाली की पोर मागं पडते आणि 'तिचं गणितच कच्चं' म्हणून दोष गणितावर जातो. प्रवेश घेतानाच सरांना भेटून तिला सकाळची बॅच मागा. मागितली की बहुतेक वेळा मिळते.

घरी कॉम्प्युटर असेल तर संध्याकाळचा एक तास तिचा ठरवून टाका. त्या तासात पाणी भरायला, भांड्यांना तिला हाक मारू नका, भावाला मारा.

तुमचं गाव आणि कॉलेज कुठलं ते कळवा. बसच्या वेळा बघून बॅचचं नेमकं सांगते.