उघडलेल्या डबीत तंबाखू मुरत नाही

ठाण्यात ऐन जुलैत व्हर्जिनिया फ्लेकची (दाबून पट्ट्या कापलेल्या पाइपच्या तंबाखूची) डबी उघडली, पट्ट्यांवर पांढरं दिसलं, आता ओढू की फेकू, असं विचारलंय तुम्ही. टॉर्च तिरका धरून बघा. बारीक, चकाकणारे कण पानाला चिकटलेले असतील तर ते स्फटिक. जुन्या व्हर्जिनियावर येतात, घाबरू नका. पण लव उभी राहिलेली दिसली आणि कुबट वास आला तर बुरशी. मग डबी अख्खी फेका. वरचा थर काढून खालचं वाचवायचं, उन्हात वाळवायचं, असले उद्योग नकोत. डबी आधी एकदा उघडून झाकण परत दाबून ठेवलं होतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझा कौल बुरशीला.

हे झाकण प्रकरण मला चांगलंच महागात पडलंय. भावाने इंग्लंडहून पार्सल पाठवलं होतं. इथल्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही) ते तपासणीसाठी अडकवलं. तपासणीला हरकत नाही हो, त्यांचं कामच आहे. पण गोल डबीच्या झाकणाखाली नाणं घालून जरा फिरवलं की फुस्स होऊन ती सुटते. यांनी सुरी घालून सगळ्या डब्यांच्या कडा वाकवल्या, आतले कागद चुरगळून परत कोंबले आणि भर पावसाळ्यात माल तसाच पडू दिला. मी गेलो की साहेब जेवायला. साहेब भेटले की फाईल दुसऱ्या टेबलावर. शुल्क पुरेपूर वसूल केलं, पावतीही दिली. डब्या उघडल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही! घरी आल्यावर एकेका डबीत हिरवट गालिचा. एवढ्या तंबाखूची किंमत सोडा, त्यातले एक-दोन ब्लेंड (तंबाखूची मिश्रणं) आता बनतच नाहीत.

तर, सील शाबूत असेल तरच डबीत मुरवा. चौकोनी डब्यांचं सील आपसूक सुटतं, त्यांवर माझा भरवसा नाही. बाकी सगळं रबरी रिंगच्या काचेच्या बरणीत. २५० मिलीच्या बरणीत साधारण ५० ग्रॅम बसते. मोठी बरणी घेऊ नका, दर वेळी उघडली की सगळ्या मालाला दमट हवा लागते. लोणच्याची बरणी तर नकोच, हिंग-मोहरीचा वास झाकणातून जन्मात जात नाही. भरायचं काम डिसेंबर-जानेवारीत करा. चिमटीत दाबून सोडल्यावर पानं हळूहळू मोकळी व्हायला हवीत, गोळा राहिला तर अजून ओली आहे. कोरडी पडली म्हणून सफरचंदाची फोड टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. बुरशीला आमंत्रण आहे ते. फ्रिजही नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको.

काय मुरवावं हे ज्याच्या त्याच्या आवडीवर, पण माझ्या मते व्हर्जिनिया आणि व्हर्जिनिया-पेरिक (पेरिक म्हणजे दाबाखाली आंबवलेली तंबाखू). व्हर्जिनियात साखर जास्त, म्हणून वर्षांनी गोडवा येतो. लताकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा धुरकटपणा उलट मवाळ होत जातो. व्हॅनिला-चेरीवाल्या सुगंधी ब्लेंडना जागा अडवू देऊ नका, ताज्याच संपवा.

मी काही तज्ज्ञ नाही. मुरल्याने तंबाखूचा अपाय कमी होत नाही, आणि ओढत नसाल तर सुरू करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि पार्सलचा नाद सोडा. कुणी परदेशातून येत असेल तर बॅगेतून मागवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत विनाशुल्क मर्यादा १२५ ग्रॅम होती, म्हणजे ५० ग्रॅमच्या दोन डब्या. तिकडून निघण्याआधी ताजे नियम त्यांनाच बघायला सांगा.