रविवारी शाळेला निघालेली मुलगी

"मॅडम, पोरगी नेपाळहून आली खरी, पण घरी काही आलेली नाही." माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत टेकता टेकताच आईंनी सांगून टाकलं. मुलगी दाराशी, हाताची घडी घालून. तिला इथे मेघना म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय सव्वीस. नाशिकची नोकरी सोडून मेघना दहा महिने सिंधुपालचोक जिल्ह्यातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहिली. (वडिलांचं मत: जिथे जायला व्हिसासुद्धा लागत नाही, तो परदेश कसला!) २०१५ च्या भूकंपाने कंबरडं मोडलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक. दिवसा शाळेत गणित, संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग. त्या तामांग बोलणाऱ्या, म्हणजे नेपाळीही घरची भाषा नाही. कुणाचा नवरा आखातात, कुणाचा मुलगा मलेशियात. अंगठ्याऐवजी सही करता यावी आणि फोनवरचे आकडे स्वतः ओळखता यावेत, एवढ्यासाठी त्या दिवसभर शेतात राबून यायच्या.

परत येऊन तीन महिने झाले होते. मैत्रिणी चार फोटो बघून विषय बदलायच्या. आत्याच्या घरच्या लग्नात उष्टी ताटं बघून मेघना उठून निघून गेली, त्यावरून महाभारत. आईंना खरी धास्ती वाटायची ती रविवारची. तिच्या तिथल्या शाळेला सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा भरायची. त्यामुळे रविवारी ही दचकून उठायची आणि आंघोळ करून तयार व्हायची.

"वेडबीड तर लागलं नाही ना?" परदेशातून सेवा करून आलेल्या मुलांचे आईवडील हे या ना त्या शब्दांत विचारतातच. आधी झोप, भूक, जगण्याची इच्छा हे सगळं मी नीट विचारून घेतलं. झोप-भुकेचा बिघाड दोन आठवड्यांहून जास्त टिकला असता तर मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं, आणि जगण्याची इच्छाच गेल्याचं दिसलं असतं तर लगेच, दिवस न मोजता. (रात्रीबेरात्री असा प्रसंग आला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक जवळ असू द्या.) मेघनाचं तसं नव्हतं.

मग मी जरा शहाणपणा केला. परदेशात रुळताना मन एकदा खाली जातं आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा, हे गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच मांडलंय, असं कागदावर रेघ काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. वर्गातली हुशार मुलगी बाईंचं मन राखायला मान डोलावते, तशी.

तिसऱ्या भेटीत तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. नेपाळची वेळ. "हे का नाही बदललं?" एवढंच विचारलं आणि बांध फुटला.

निघताना वर्गातल्या एका आजीने हात धरून विचारलं होतं, "फेरि आउनुहुन्छ नि, मिस?" पुन्हा येणार ना? ही म्हणाली, दसैंला येते. दसैं म्हणजे त्यांचा मोठा सण, आपल्या दसऱ्याच्या सुमारास. दसरा होऊन गेला होता. आता प्रत्येक घास, प्रत्येक नवा ड्रेस तिला त्या आजींना फसवून घेतल्यासारखा वाटत होता.

"वर्ग कोण घेतं आता?"

"गावातल्या ताई. माझ्याआधीही त्याच घ्यायच्या."

हे बोलून ती स्वतःच थबकली. वर्ग तिने सुरू केलेला नव्हता, आणि तिच्यावाचून तो बंदही पडला नव्हता. ऐकायला बरं नाही वाटत हे.

पण दिलेला शब्द उरलाच होता. मी तिला पत्र लिहायला सांगितलं. ताईंना नाही, त्या बायकांना. त्यांना स्वतः वाचता येईल असं. मोठी अक्षरं, पाच ओळी, नेपाळीत: दसैंला आले नाही, चूक झाली. कधी येईन ते आज सांगता येत नाही. लिहायला तिला दोन आठवडे लागले. घरच्यांना मी एकच काम दिलं. "काय मिळालं तिथे जाऊन?" हे विचारणं बंद, त्याऐवजी रोज तिथल्या एका माणसाबद्दल विचारायचं. वडिलांनी आधी कुरकुर केली. पुढे त्यांनाच त्या आजींच्या बकऱ्यांची नावं पाठ झाली.

महिन्याभराने मेघनाने फोनवर ताईंचा आवाजी निरोप ऐकवला. पत्र वर्गात एकेक अक्षर लावत वाचलं गेलं होतं. मागे हसण्याचा कल्ला. नेपाळीतला ५ आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. हिने तारखेत सवयीने मराठी ५ काढला होता.

आजींनी तो पकडला होता, आणि मिसला दहा वेळा लिहून काढायला सांगितलं होतं.