‘६.३ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’: यात चुकतं कुठे?

‘६.३ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’ असं बातम्यांत सर्रास येतं. ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते त्यात दोन चुका आहेत, आणि मोठी चूक ‘तीव्रता’ या शब्दाची.

तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली, भिंतींना तडे गेले की नुसतीच भांडी वाजली. ती जागोजागी बदलते. २०११ सालचा जपानचा तोहोकू भूकंप घ्या. आकडा एकच, ९.०. पण जपानी मापनश्रेणीनुसार तीव्रता कुरिहारा शहरात सर्वोच्च, म्हणजे ७, तर टोकियोत ‘५ वरची’, म्हणजे ५ च्या दोन उपटप्प्यांपैकी वरचा. मर्काली श्रेणीचे बारा टप्पेही तीव्रतेचेच. ते रोमन अंकांत लिहितात, त्यामुळे घोटाळा टळतो.

मग ९.० हे काय? भूकंप मुळात केवढा होता, त्याचं माप. त्याला ‘महत्ता’ (इंग्रजीत ‘मॅग्निट्यूड’) म्हणतात, काही जण ‘परिमाण’. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा तीव्रतेहून वेगळं नाव हवं होतं. त्यांना खगोलशास्त्राची हौस. ताऱ्यांच्या तेजस्वितेसाठीचा ‘मॅग्निट्यूड’ हा शब्द त्यांनी उचलला. मराठीत ताऱ्यांच्या बाबतीत आपण त्याला ‘प्रत’ म्हणतो. (फरक एवढाच की ताऱ्याची प्रत जितकी कमी तितका तो तेजस्वी, भूकंपाचं उलट.)

आता ‘रिश्टर स्केल’. ते यंत्रही नाही आणि एककही नाही. यंत्र म्हणजे भूकंपमापक. भूकंपकेंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या ठरावीक बनावटीच्या भूकंपमापकावर रेघ १ मिलिमीटर हलली तर महत्ता ३, १ सेंटिमीटर हलली तर ४, असा रिश्टर यांचा हिशेब. पायरीगणिक रेघेचं हेलकावणं दसपट वाढतं, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट. म्हणून ‘६.३ किलो’सारखं ‘६.३ रिश्टर’ म्हणता येत नाही. शिवाय मोठ्या भूकंपांना ही पट्टी अपुरी पडते, त्यामुळे हल्ली आकडा बहुधा ‘आघूर्ण महत्ते’चा (मोमेंट मॅग्निट्यूड) असतो. तिथे जमिनीखालचा खडक किती लांब-रुंद फाटला, किती सरकला, यावरून गणित करतात.

नावाचा अमेरिकी उच्चार ‘रिक्टर’ आहे, पण ‘रिश्टर’ इतका रुळलाय की त्यावर भांडण्यात अर्थ नाही. बातमीत मात्र ‘६.३ महत्तेचा भूकंप’ एवढंच पुरे. ‘तीव्रता’ लिहायचीच तर गावाचं नाव जोडून लिहावी.