जुन्या फोर बाय फोरची दुखणी : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली, गाडी बिघडली की आधी पार्ट बदलला जातो आणि मग विचारलं जातं की अजून तसंच का होतंय. जुन्या गाडीत पार्ट मिळवायलाच किती धावपळ होते ते आम्हाला माहीत आहे, म्हणून उत्तरं देताना आधी तपासायचं काय यावर जास्त लिहिलंय.

प्रश्न : डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येते अशी गाडी) आहे. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला की कधी फक्त टक् आवाज येतो, कधी इंजिन जड फिरतं. बॅटरी नवी टाकली, सेल्फ पण उघडून दुरुस्त केला तरी तेच. शिवाय रात्री हेडलाईट लावल्या की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, बंद केल्या की खाली येतो. हे दोन वेगळे फॉल्ट आहेत का?

बहुतेक नाही, दोन्हीचं मूळ अर्थिंगमध्ये (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीत) असावं, आणि तो काटा तर फारच चांगली खूण देतोय, कारण इंजिनचं तापमान हेडलाईटच्या स्विचने बदलत नाही ना. तुमच्या गाडीत चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी असते, बॉडी रबरी माऊंटवर बसलेली, इंजिनही रबरी माऊंटवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे करंट परत यायला बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस आणि बॉडी ते चेसिस अशा पट्ट्या लागतात. त्यातली एक जरी गंजली तरी लाईटचा करंट मीटरच्या वायरिंगमधून वाट काढतो आणि काटा खोटं बोलायला लागतो.

सेल्फचा हिशोब करून बघा. डिझेल इंजिन फिरवताना २०० अँपिअरच्या आसपास करंट सहज जातो. गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम इतका बारीक अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात, मग सेल्फला १२ च्या जागी १० पण धड मिळत नाहीत. बॅटरी नवी असली तरी हे होणारच.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर (टर्मिनलच्या क्लिपवर नाही, थेट खांबावर), दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दोष सापडला. मीटर नसेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला लावा, आता सेल्फ झटकन फिरला तर प्रश्नच मिटला. आणखी एक खूण म्हणजे दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते, कारण पट्टी तुटलेली असली की सेल्फचा सगळा करंट त्या बारीक केबलमधून जायला बघतो. असं दिसलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, केबल जळते.

दुरुस्ती साधी आहे. आधी बॅटरीचा मायनस काढा, मग पट्ट्या सोडवा, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत दिसेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा आणि नंतर वरून ग्रीस लावा. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर ती बदलूनच टाका. मायनस जोडायचा तो सगळ्यात शेवटी.

प्रश्न : फोर व्हीलचा लिव्हर टाकला की परत निघतच नाही, खूप जोर लावावा लागतो. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) उघडावा लागेल का?

आधी हे सांगा, फोर व्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवली होती का? पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसतो, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत टायर थोडं घसरून तो फरक भरून काढतं, डांबरावर घसरायला जागाच नाही म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर पकडून ठेवतो. गाडी सरळ थोडी रिव्हर्स घ्या आणि चालू गाडीतच लिव्हर हलक्या हाताने ओढा, बहुतेक वेळा सुटतो. हातोडी कृपया नको, आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकला तर मात्र खरंच केस उघडावा लागेल.

चारही टायर एका साईझचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना तेही बघा, पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर सरळ रस्त्यावरही ताण साठतो. हे सगळं ठीक असूनही लिव्हर जड असेल तर लिंकेजच्या पिना आणि बुश गंजलेत, तिथे तेल-ग्रीस करा.

प्रश्न : सकाळी गाडी लगेच स्टार्ट होते, दोन सेकंदात बंद पडते, मग खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर काही त्रास नाही. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होण्याआधी आतली जागा गरम करणारे प्लग) बदलू का?

थांबा, हे ग्लो प्लगचं लक्षण वाटत नाही. ग्लो प्लग गेले असतील तर थंड इंजिन पकडायलाच वेळ लावतं, पकडल्यावर थरथरतं आणि पांढरा धूर सोडतं. तुमचं इंजिन आधी पकडतंय आणि मग बंद पडतंय, म्हणजे पंपात उरलेलं डिझेल जळतं आणि मागून हवा येते. रात्रभरात लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि कुठल्या तरी बारीक फटीतून हवा आत शिरते.

एक रात्र गाडी उतारावर तोंड खाली करून लावा (चाकांना दगड लावून), एक रात्र तोंड वर करून. तोंड खाली असताना सकाळी नीट चालू झाली आणि वर असताना त्रास झाला तर हवा घेतेय हे जवळपास नक्की. मग पंपाच्या अलीकडे डिझेलचाच एक पारदर्शक पाईप तात्पुरता जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. ही गळती ओढीच्या बाजूला असते म्हणून बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, म्हणूनच लोक फसतात. फिल्टरची रबरी रिंग, फिल्टरखालचा पाणी काढायचा नळ, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप), क्लिपपाशी चिरलेले रबरी पाईप आणि इंजेक्टरवरचे कापडी वेष्टणाचे रिटर्न पाईप, या क्रमाने बघा.

आणि ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो गरम प्लगवर वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

प्रश्न : खड्ड्यातून गेलं की ६० च्या पुढे स्टेअरिंग जोरात हलायला लागतं, ब्रेक मारून स्पीड कमी केल्याशिवाय थांबत नाही. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हादरे दाबणारा शॉकअॅब्सॉर्बर) नवा टाकला, महिनाभर बरं होतं, परत सुरू.

डॅम्परने फक्त हलणं दाबलं, ढिलाई तशीच राहिली. आणि हे प्रकरण धोक्याचं आहे, तोवर स्पीड कमी ठेवा. इंजिन बंद, गाडी जमिनीवरच उभी, एकाला स्टेअरिंग दोन्ही बाजूला थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या अॅक्सलपाशी एकेका जोडावर बोट ठेवून बसा, टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक (हे दोन्ही स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे), अॅक्सल आडवा जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे बुश (पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असेल तर पाट्यांचे आणि शॅकलचे बुश). जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते तिथे बोटाला लगेच कळतं. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खेळ आला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन). व्हील बॅलन्सिंग शेवटी करा.

प्रश्न : एकच फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकला तर चालेल का?

नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळेल. त्या फ्यूजवरची उपकरणं एकेक करून काढा, कशामुळे उडतो ते कळेल, आणि दरवाज्याच्या बिजागरीपाशी व चेसिसला घासणारी वायर आधी बघा.

प्रश्न : पाण्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं झालं. ऑइल सील बदलू का?

आधी अॅक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारं छोटं तोंड) काढून बघा, चिखलाने बुजलेला असतो. गरम अॅक्सल पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते, ब्रीदर बंद असेल तर ओढ सीलवर येते आणि तिथून पाणी आत जातं. गाडी तापून आत दाब वाढला की त्याच सीलमधून ऑइल बाहेरही येतं. ब्रीदर साफ करा, शक्य असेल तर त्याला पाईप जोडून बोनेटपर्यंत वर न्या. खराब ऑइल लगेच बदला, थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला कारण आत पाणी चिकटून राहतं, आणि त्यानंतरही सील गळत असेल तरच त्याला हात लावा.